घर योहानाला, उशी स्वेटोझारला

मी, ओटीलिया ब्रेझान्स्का, वय एकाहत्तर, व्यवसाय कादंबऱ्या लिहिणे आणि बायकांना बिघडवणे (दुसरा व्यवसाय आमच्या पाद्रीबुवांनी ठरवलेला), लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत.

१. राहते घर, परसबाग व हंसांच्या खुराड्यासह, योहाना कुबिन्त्सोवा हिला. तीस वर्षे ती माझा स्वयंपाक करते आणि माझ्या कादंबऱ्यांना नावे ठेवते. माझे डोळे मिटताच भाचा स्वेटोझार तिला हाकलून इथे गुत्ता काढील, याची मला धास्ती आहे. अट एकच: हिवाळ्यात उशांसाठी हंसांची पिसे सोलायला, म्हणजे काडीपासून मऊ पीस वेगळे करायला, बायका इथेच जमतील.

२. स्वेटोझार यास एक उशी. पिसे सोलताना दार उघडायचे नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. महायुद्धाआधी, बायकांना मत नव्हते तेव्हा, एका संध्याकाळी आम्ही सोलता सोलता बायकांच्या मताधिकाराचा अर्ज वाचत होतो. हा शहाणा पोलीस शिपायाला घेऊन आला आणि दार सताड उघडले! झाले, खोलीभर पिसेच पिसे. शिपाई शिंकून बेजार.

"आत्या, हा कसला कट चाललाय?" स्वेटोझार ओरडला, तोंडात पिसे.

"बाळा, आधी थुंक, मग अटक कर."

अर्ज पिसांखाली गडप झाला तो झालाच. स्वेटोझारच्या कोटावरून झाडलेली पिसे या उशीत भरली आहेत. सुखाने झोप, बाबा.

३. "बाईच्या मानाने बरं लिहिता" असे म्हणणाऱ्या संपादकांना माझा लाकडी डाव. त्यांनी बटाट्याचे हालुश्की, म्हणजे आमचे उकडलेले गोळे, स्वतः रांधावेत. पुरुषाच्या मानाने बरे झाले, तर माझ्या थडग्यापाशी येऊन सांगावे.

४. एवढे वाचून योहाना डोळे पुसत म्हणाली, "अहो बाई, तुम्ही गेल्यावर तो कोर्टात जाईल. मी एकटी कुठे भांडत बसू?"

खरेच की! मग मरेपर्यंत थांबायचे कशाला? नोटरीसाहेब समोरच बसले होते. कलम १ रद्द. घर आत्ताच योहानाच्या नावे करून दिले. आता मी तिची भाडेकरू! इतका आनंद झाला की गुडघ्यांना न विचारता एक गिरकी घेतली आणि सिगारेट पेटवली.

योहानाने कमरेवर हात ठेवले. "माझ्या घरात धूर नको. बाहेर व्हा!"

साक्षीदार: अमालिया श्तेफकोवा, सुईण; विल्मा हाव्रानोवा, शिक्षिका. (दोघी हसत असल्याने सह्या वाकड्या.)

सही: ओटीलिया ब्रेझान्स्का
स्थळ: हॉर्ना लिपोव्का, योहानाच्या घराबाहेरची पायरी
दिनांक: ९ नोव्हेंबर १९२६