खालून वर जाणारा सूर

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार

पोचले एकदाची! विकेनबर्गच्या किराणा दुकानामागे माझी गाडी लावली आणि गुरुनाथकाकांच्या पिकअपमधून अठरा मैल कच्च्या रस्त्याने इथे आले. माझी गाडी या रस्त्यावर खालून घासली असती म्हणे. डोकं तीनदा छताला आपटलं, तरी मी हसत होते. अ‍ॅरिझोनाचं वाळवंट वाळूचं नाहीच. लाल मुरूम, गारगोट्या, माणसाच्या तिप्पट उंचीचे निवडुंग आणि वर नुसतं निळं. टेक्सासला, अर्विंगमध्ये, माझ्या खिडकीतून पार्किंग लॉट दिसतो.

काका सहासष्ट वर्षांचे. तीस वर्षं न्यू जर्सीत एडिसनला काढली, काकू गेल्यावर घर विकलं आणि इथे क्लेम घेतला, म्हणजे सरकारी जमिनीच्या तुकड्यावर सोनं शोधायचा हक्क. ते ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात राहतात, शेजारचा जुना कॅम्पर, तसाच पण लहान, पाहुण्यांसाठी. मेटल डिटेक्टरने सोनं कसं शोधायचं याचे मराठीतून व्हिडिओ टाकतात आणि हौशी लोकांना शिकायला बोलावतात. आल्या आल्या त्यांनी कांदेपोहे केले आणि ओलं खोबरं नाही म्हणून दोनदा सॉरी म्हणाले. माणूस लाघवी आहे.

त्यांना माझं नाव वैदेही सांगितलंय. का, ते उद्या लिहीन. आज दमले आहे, आणि फार दिवसांनी बरं वाटतंय.

१५ ऑक्टोबर, रविवार

माझं खरं नाव शरयू. शार्दूल माझा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी तो याच क्लेमवर काकांबरोबर राहत होता आणि इथूनच नाहीसा झाला. काकांनी शेरीफला सांगितलं, की तो भांडला, बॅग उचलून चालत निघून गेला. सहा दिवस शोधलं, हेलिकॉप्टरसुद्धा फिरवलं. काही नाही. मी तेव्हा इथे आले नव्हते, म्हणून काका मला ओळखत नाहीत.

तो इथेच आहे. आणि तो कसा सापडेल हे मला माहीत आहे. सांगलीला कॉलेजात असताना बाइकवरून पडून त्याची डावी मांडी मोडली होती. आत टायटॅनियमची लांब सळई बसवली, दोन्ही टोकांना स्क्रू. नवा डिटेक्टर घेतला तेव्हा माझ्याकडे गालिच्यावर आडवा पडून त्याने स्वतःच्याच मांडीवरून तो फिरवला आणि मला व्हिडिओ काढायला लावला. आधी एक टिचकी. मग खालून वर चढत जाणारा लांब सूर. मग पुन्हा टिचकी. "ताई, मी हरवलो तर असा शोध," म्हणाला आणि हसत सुटला. तो आवाज मी रोज ऐकते.

आता काका मला तो जमिनीत ऐकायला शिकवणार. ज्याने पुरलं तोच. झोप छान लागेल.

१८ ऑक्टोबर, बुधवार

काका शिकवतात मात्र जीव लावून. हेडफोनमध्ये सतत एक बारीक गुणगुण ठेवायची, डास कानापासून हातभर लांब असावा इतकीच. ती बंद केली तर शांत वाटतं, पण बारीक सोनं निसटतं, कारण ते ओरडत नाही. गुणगुण जराशी दचकते, बस्स. या मातीत लोह फार, त्यामुळे जमीनही आवाज करते. मग कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीवर वरखाली करायची आणि गुणगुण हलायची थांबेपर्यंत मशीन जुळवायचं. वरून खाली उतरणारा सूर म्हणजे वस्तू लहान किंवा उथळ. खालून वर चढणारा म्हणजे मोठी किंवा खोल. खिळा तुटक वाजतो. तरीही लोखंड गाळायचं सेटिंग कधी लावायचं नाही, कारण खोलवरचं सोनं कधीकधी खिळ्यासारखंच वाजतं आणि मशीन ते गिळून टाकतं. जे वाजेल ते खणायचं.

दिवसभरात खिळे, बंदुकीच्या जुन्या गोळ्या, एक नाल. संध्याकाळी मात्र गुणगुण दचकली आणि चाळणीत तांदळाच्या कणीएवढं सोनं राहिलं. काकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण ओरडले आनंदाने. मग कॅम्परमध्ये येऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

काकांनी सकाळी डिटेक्टर, फावडं आणि कुदळीला हळदकुंकू वाहिलं. इथे आपट्याची पानं कुठली, म्हणून म्हणाले, आज खरं सोनं हातात घे. बनियनच्या आतून साखळी काढली. साखळीला करंगळीच्या पेराएवढा सोन्याचा गोटा, एका टोकाला गारगोटीचा पांढरा ठिपका. आपल्याला दोन वर्षांपूर्वी सापडला म्हणाले.

हा गोटा मी पाहिलेला आहे. शार्दूलने पाठवलेल्या शेवटच्या फोटोत तो त्याच्या तळहातावर होता.

मी काकांना वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचं मी काय करणार आहे ते मला अजून ठरवता येत नाही, पण काहीतरी करणार हे नक्की.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

सापडला.

पश्चिमेच्या पांढऱ्या टेकाडाखाली, सकाळी नऊला. टिचकी, चढता सूर, टिचकी. मी गुडघ्यांवर बसले आणि खणायला लागले. वीतभर मुरूम, मग चुनखडीचा थर, दगडासारखा. त्याला कधी कोणी हात लावलेला नव्हता. कोपरापर्यंत खणलं. काही नाही, आणि सूर गेला.

उठले, कॉइल फिरवली. चाळीस पावलांवर पुन्हा तोच. तिथेही अखंड जमीन. मग आणखी पुढे. प्रत्येक जागी मी लाल कापडाचं निशाण खोचलं. दुपारी मागे वळून पाहिलं तर सगळी निशाणं एका रेषेत, टेकाडापासून निघून सरळ काकांच्या ट्रेलरकडे.

पुरलेला माणूस जागा बदलत नाही हे मला कळतं. मला भीती वाटायला हवी होती. मी मनात म्हटलं, ये बाळा. ये.

२८ ऑक्टोबर, शनिवार

आता काकांनाही ऐकू येतं. काल त्यांनी हेडफोन फेकून दिले. गरम दगड आहे म्हणाले, म्हणजे लोहाचा खडा, तो फसवतो. मग सेन्सिटिव्हिटी कमी केली. मग लोखंड गाळायचं सेटिंग लावलं, जे कधी लावायचं नाही असं मला बजावलं होतं. ते चहाला गेले की मी त्यांच्या मशीनवर सगळं पुन्हा वर चढवून ठेवते.

आणि मी आणखी एक करते आहे. दुपारी ते झोपतात तेव्हा त्यांच्या खिडकीखाली बसून फोनवर शार्दूलचा व्हिडिओ लावते. फक्त आवाज. आतून भांडी पडल्याचं ऐकू येतं. काल ते रडत होते. मला इतकं गोड काही गेल्या दोन वर्षांत लागलं नाही.

आज फोन चार्जिंगला कॅम्परमध्ये होता. मी खिडकीखाली रिकाम्या हातांनी बसले होते. आवाज तरीही आला. ट्रेलरच्या खालून.

२९ ऑक्टोबर, रविवार

काकांनी आज सगळं सांगितलं. दोन घास खाल्ले, ताट बाजूला सारलं आणि बोलू लागले. वैदेही, तू पोरीसारखी आहेस, कोणालातरी सांगायला हवं म्हणाले.

टेकाडामागे जुन्या खाणीचा खड्डा आहे. शार्दूल दोराने आत उतरला होता. गोटा त्याने बादलीतून वर पाठवला आणि नंतर भिंत ढासळली. तो छातीपर्यंत गाडला गेला. जिवंत होता, बोलत होता. इथे फोनला रेंज नाही, म्हणून काका मदत आणायला निघाले. हायवेपर्यंत गेले आणि तिथे पिकअप थांबवून बसून राहिले. गोटा हातात होता. आपण गेलो नाही तरी चालेल असं वाटलं म्हणाले, कारण शार्दूलनेच सांगितलं होतं, "काका, तुम्ही घाबरू नका. संध्याकाळपर्यंत माझा मेसेज गेला नाही तर ताई शेरीफला फोन करणार, तसं आमचं ठरलंय."

संध्याकाळी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मग गेलो तर इतका उशीर का केला हे शेरीफला सांगावं लागलं असतं, म्हणून ते गेलेच नाहीत. चार दिवस खड्ड्यातून आवाज येत होता. पाचव्या दिवशी त्यांनी वरून माती लोटली.

ताईने फोन केला नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी भांडी घासली. जास्त लिहीत नाही.

३० ऑक्टोबर, सोमवार

त्याला बाहेर काढून अग्नी देऊ, असं काकांनीच ठरवलं. मग सूर थांबेल. दहा वाजता गेलो. वरची माती भुसभुशीत होती. ते खणत खाली गेले, मी दोर धरला होता. दोन माणसांच्या उंचीइतकं खोल गेल्यावर भिंतीने सुस्कारा टाकावा तसा आवाज झाला.

छातीपर्यंत. काका गाडले गेले, अगदी शार्दूलइतकेच.

दोर ओढ म्हणाले. मग पिकअप आण म्हणाले. किल्ली त्यांच्या खिशात, मातीखाली. मी काठावर बसले आणि माझं नाव सांगितलं. शरयू. शार्दूलची ताई. हे सांगायला मी दोन वर्षं थांबले होते.

त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं हात जोडतील. त्यांनी विचारलं,

"मग फोन का नाही केलास?"

मी दोर आत टाकून दिला.

३१ ऑक्टोबर

कॅम्परमध्ये ऐकू येतं. "पोरी" म्हणतात. वारा पश्चिमेचा असला की प्रत्येक शब्द येतो.

लिहूनच टाकते. आई शेवटच्या दुखण्यात होती, शार्दूल सांगलीला आला नाही. सोन्याचा सीझन आहे म्हणाला. मी एकटीने सगळं केलं. परत आल्यावर रविवार आला, दर रविवारी संध्याकाळी यायचा तो त्याचा मेसेज आला नाही. मी पाहिलं होतं. आठ वाजता पाहिलं, दहा वाजता पाहिलं. मनात म्हटलं, बस आता. कळू दे एकटं पडणं म्हणजे काय.

नऊ दिवस. नवव्या दिवशी फोन केला. शेरीफला सांगितलं, मेसेज रोजचा नसायचा, म्हणून लक्षात आलं नाही.

तो चार दिवस —

१ नोव्हेंबर

पाणी घेऊन निघाले होते. खरंच निघाले होते. अर्ध्या वाटेवर पायाखाली टिचकी वाजली. हेडफोन नव्हते. डिटेक्टरही नव्हता.

परत फिरले. काकांचा आवाज दुपारी बसला.

२ नोव्हेंबर

शांत. संपलं असेल. आता सूर थांबायला हवा, त्याला हवा होता तो मिळाला. शार्दूल, मिळाला ना तुला?

डिटेक्टरची बॅटरी काढून ठेवली आहे. गुणगुण चालू आहे.

३ नोव्हेंबर

निशाणं हलली. मी खोचलेली ती लाल — ट्रेलरकडे जात होती, आता वळली आहेत. शेवटचं कॅम्परच्या पायरीपाशी आहे. मी नाही लावलं.

सकाळी चालत निघाले. हायवेच्या दिशेने. दोन मैल गेले असेन. सूर पुढे होता. मागे नाही, पुढे. मी थांबले की तो थांबे. डावीकडे गेले, तो डावीकडे. मला हाकलत आणलं परत, गुरासारखं. भर उन्हात. सावलीसुद्धा नव्हती कुठे लपायला.

४ नोव्हेंबर

त्याच्याशी बोलले. फरशीला तोंड लावून बोलले. ताई चुकली म्हटलं. आई गेली तेव्हा तुझी इतकी वाट पाहिली होती, म्हणून राग — ऐकून घेत होता. मी बोलत होते तोवर गुणगुण अगदी बारीक.

मग फरशी खालून उचलल्यासारखी —

आता दोन आहेत. एक सळईचा. दुसरा जाड, तुटक. काकांच्या कुदळीचा.

दोघंही माझ्यासाठी

५ नोव्हेंबर

दुपार. पाणी नाही. मेजावर चढून बसले आहे. मेजाचे पाय थरथरतात.

जो कोणी हे वाचेल त्याने शेरीफला द्यावं. मी शरयू, अर्विंग, टेक्सास. खड्ड्यात दोन माणसं आहेत. एक माझा भाऊ, त्याच्या डाव्या मांडीत सळई आहे, तिच्यावरून ओळखा. त्याला सांगलीला न्या, आईच्या — त्याला वर काढा एवढंच. दोन वर्षांपूर्वी सांगायचं होतं ते आज सांगते आहे. निशाणांवर जाऊ नका, ती खोटं दाखवतात. खड्डा टेकाडाच्या मागच्या अंगाला, ट्रेलरच्या दारात पाठ करून उभं राहिलं की सरळ पश्चिमेला जायचं, जळका निवडुंग लागतो, तिथून उजवीकडे साधारण