डोक्याकडची दोरी

१२ ऑक्टोबर १९२६, मंगळवार

"आणि तीन मुली."

एवढंच! घराण्याच्या इतिहासाच्या पुस्तकातलं स्वतःचं प्रकरण बाबांनी आज सांगायला घेतलं. नववा अर्ल ऑफ ड्रमकेल्डी, जन्म अमुक, लग्न तमुक, पुत्रसंतान नाही, आणि तीन मुली. मी लिहीत होते. हात थांबला. म्हटलं, "बाबा, नावं?" म्हणाले, "मुलींची नावं वंशावळीत घालत नाहीत. पुढे लिही."

सातव्या अर्लच्या शिकारी कुत्र्याचं नाव आहे पुस्तकात. ब्रान. चार ओळी आहेत त्याच्यावर! मीच लिहिल्या मागच्या आठवड्यात.

आणि तीन कुठल्या? आम्ही दोघी आहोत. मी ग्रिझेल, आणि युफिमिया, आमची एफी, जी लग्न करून एडिनबरोला सुटली. डोंगरावरची चार हजार मेंढरं या माणसाला एकूण एक पाठ असतात. घरातल्या दोन मुली मोजता येत नाहीत.

१३ ऑक्टोबर

मी 'दोन' केलं. त्यांनी परत वाचून घेतलं. "तीन," म्हणाले. मी म्हटलं, "दोन, बाबा." डावी बाजू लुळी, तोंड वाकडं, शब्द अर्धे लाळेत, तरी उजवी मूठ आपटलीच पलंगावर. "तीन लिही!" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. लिहिलं तीन. निब मोडेपर्यंत दाबून लिहिलं.

१६ ऑक्टोबर

१८७६ साल आज लिहून झालं. सुदानची लढाई, हरणं, सामन मासे सगळं भरभरून सांगतात, आणि या सालाला मात्र तीन वाक्यं. "नदीला पूर. जुना पूल गेला. नवा बांधला." मी विचारलं, अजून? तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "त्या वर्षी बाकी काही घडलं नाही."

तेवढ्यात बेथिया आली वस्तरा घेऊन. धोबीघर सांभाळते ती. पण बाबांची दाढी मात्र आठवड्यातून दोनदा तिनंच करायची! आजार झाल्यापासून दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. नर्स नको, न्हावी नको. मी तर नकोच नको.

"हनुवटी वर करा, लॉर्डसाहेब. नाहीतर नवव्या अर्लचा गळा धोबिणीनं कापला असं बाईसाहेबांना लिहावं लागेल."

आणि बाबा हसले. खदखदून! एकोणीस वर्षं झाली आई जाऊन. तेव्हापासून हे घर मी ओढते, आता त्यांना घास भरवते, पाठीला पावडर लावते. माझ्या कुठल्या बोलण्यावर ते हसल्याचं मला आठवत नाही.

मी मुद्दाम तिच्यासमोर ते वाक्य वाचलं. "आणि तीन मुली. ऐकलंस, बेथिया? तूच सांग, किती आहोत आम्ही?"

ती वस्तरा पुसत होती. म्हणाली, "मी चादरी मोजते, बाईसाहेब. माणसं मोजणं माझं काम नाही."

उद्धट बाई. तोंडाला लागायची सोय नाही हिच्या.

२० ऑक्टोबर

रॅनल्डचं पत्र. आजोबांच्या धाकट्या भावाचा नातू, कॅनडात धान्याचा व्यापार करतो. दहावा अर्ल होणार, कारण तो पुरुष आहे. बस्स, तेवढीच लायकी! या घरात कधी पाऊल टाकलं नाही त्यानं. जहाजावर बसतोय म्हणे. आणि विचारतोय, घर थंड असतं का हो? आयत्या बिळावर नागोबा, आणि बीळ ऊबदार हवं!

दुपारी त्याहून मोठा प्रसाद मिळाला. पत्र ठेवायला खण उघडला तर बाबांच्या अक्षरातली यादी. शवपेटी खाली सोडायच्या आठ दोऱ्या, आठ नावं. एक नंबर, म्हणजे डोक्याकडची, सगळ्यात मानाची, रॅनल्ड. दोन नंबर, पायाकडची, एफीचा नवरा. मग पाद्री पिरी, वकील गेडिस, शेजारच्या इस्टेटींचे दोन 'सर', रानाचा रखवालदार. आठवा कुत्री सांभाळणारा!

मी नाही.

पाद्री पिरी चहाला आले होते, त्यांना विचारलं. म्हणाले, "लेडी ग्रिझेल, आपल्याकडे बायका दफनाला जात नाहीत. घरी थांबतात. पाहुण्यांच्या खाण्यापिण्याचं कोणी बघायला नको का?" मी केकची बशी त्यांच्या पुढ्यातून उचलली आणि आत घेऊन गेले.

२४ ऑक्टोबर

आज भांडले. लाज नाही वाटत. ऐंशी वर्षांच्या आजारी माणसाशी तारस्वरात भांडले.

यादी त्यांच्या नाकासमोर धरली. म्हटलं, "कुत्री सांभाळणाऱ्याला दोरी आणि मला सँडविचं? तुमचं अंग कोण पुसतं? तुमची नि तुमच्या बापजाद्यांची नऊ प्रकरणं कुणी लिहिली? पुस्तकात नाव नाही, ठीक. पण खड्ड्यात तुम्हाला मी सोडणार! डोक्याकडची दोरी थोरल्या मुलीची. मुलगा नाही ना तुम्हाला? मग थोरल्या मुलीची!"

 मग अगदी हळू म्हणाले, "थोरल्या मुलीची?"

"हो!"

"लोक काहीही म्हणाले तरी?"

"लोक गेले खड्ड्यात!"

"तू म्हणतेस हे, ग्रिझेल? तू?"

"मी नाही तर कोण म्हणणार? करा सही!"

"लिही मग."

मी माझ्या हातानं लिहिलं: दोरी क्रमांक एक, माझी थोरली मुलगी. त्यांनी सही केली, वेडीवाकडी. साक्षीदार हवे म्हणून मी जिन्यातून ओरडले. स्वयंपाकीण आली, तिनं सही केली. बेथिया टॉवेल घेऊन आली होती. कागद वाचला आणि पांढरीफटक पडली. म्हणाली, "मी नाही सही करणार." का? "नाही करणार, एवढंच." आणि बाबांकडे असं बघितलं जसं काही यांनी तिचंच घोडं मारलंय! धोबीण मला नाही म्हणते, माझ्याच घरात! शेवटी माळ्याला बोलावलं.

बाबांच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. "पन्नास वर्षं मला हे जमलं नाही," म्हणाले. मी अठ्ठेचाळीसची आहे. आकड्यांचं यांचं काही खरं नाही. पण मी त्यांचा हात धरला. बऱ्याच दिवसांनी.

२६ ऑक्टोबर

वकील गेडिसना बोलावून घेतलं बाबांनी. तासभर दार लावून बसले. मला बाहेर ठेवलं. बसू दे. कागद माझ्या अक्षरात आहे.

३१ ऑक्टोबर, रविवार

आज सकाळी गेले. ओटची लापशी अर्धी राहिली.

२ नोव्हेंबर

रॅनल्ड आला. दात ओठ खायची तयारी करून उभी होते, तर गाडीतून उतरला एक टकला, भित्रा माणूस, पातळ बुटांतला, नाकातून पाणी गळणारा. "मला यातलं काही कळत नाही हो, ताई," म्हणाला. धड रागावूही देत नाही मेला.

एफी मात्र एडिनबरोहून खास माझं डोकं फिरवायला आलीये. "ग्रिझी, चारचौघांत शोभा करून घेऊ नकोस. थडग्याशी बाई उभी राहिलेली कुणी पाहिलीये का?" मी म्हटलं, शुक्रवारी पाहतील. काळे हातमोजे काढून ठेवलेत. दोरी कापते म्हणे.

४ नोव्हेंबर, गुरुवार

दफन उद्या. आज गेडिसनी कार्डं वाटली. प्रत्येकाचा नंबर आणि पेटीभोवती कुठं उभं राहायचं त्याचं चित्र.

माझ्या कार्डावर दोन.

मी तडक त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "चूक झालीये. मी एक. मी स्वतः लिहिलंय!"

म्हातारा चष्मा पुसत बसला. "चूक नाही, बाईसाहेब. दोन नंबरवर तुमचं नाव लॉर्डसाहेबांनी मागाहून घातलं. तुमच्यासाठी रॅनल्डना तीनवर नेलं."

"आणि एक?"

"तुम्ही लिहिलंत तसंच. थोरली मुलगी. कार्ड कालच पोचवलं. धोबीघरात."

१८७६. गेडिसनी सगळं सांगितलं. बेथियाची आई कर्स्टी, इथली दूधवाली, बाळंतपणात गेली. बाबांच्या लग्नाच्या आदल्या वर्षी. मुलगी धोबीघरातल्या म्हातारीनं वाढवली. त्या वर्षी बाकी काही घडलं नाही!

हातातली दौत मी भिंतीवर फेकली. पन्नास वर्षं! माझे झगे धुतले तिनं. एफीच्या लहानपणीचे लंगोट वाळत घातले असतील दोरीवर. आणि हा माणूस तिच्याकडून दाढी करून घेत हसत होता. आणि मी, शहाणी, जिन्यातून ओरडून साक्षीदार गोळा करत होते!

धोबीघरात गेले. ती चादरी पिळत होती. माझ्याकडे न बघता एप्रनच्या खिशातून कार्ड काढून पुढे केलं.

"घ्या. मी तेव्हाच नाही म्हटलं होतं. पहिल्यांदा दाढीला बोलावलं तेव्हाही नाहीच म्हणणार होते. पण म्हातारा रडायला लागला."

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"सात वर्षांची होते तेव्हापासून. तुम्ही पाच. मला बाहुली फेकून मारली होतीत तुम्ही."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलून? चादरी आपोआप वाळल्या असत्या?" मग बादली धाडकन खाली ठेवली. "राग काय तुम्हालाच येतो होय, बाईसाहेब?"

हनुवटी वर करून म्हणाली. ती हनुवटी मी रोज आरशात बघते.

कार्ड घेतलं मी. दारापर्यंत गेले. एक नंबर, हातात, फुकट! मागितलेलं सगळं.

परत आले आणि तिच्या ओल्या एप्रनच्या खिशात ते कोंबलं. "उद्या अकरा वाजता. हातमोजे आण," म्हटलं. "दोरी कापते." आणि दार आपटून निघाले.

६ नोव्हेंबर

तिनं डोक्याकडून सोडलं, मी पायाकडून. पाद्री पिरींचा आवाज दोनदा अडकला. एफी घरी सँडविचं बघत होती.

आज पुस्तक उघडलं. 'आणि तीन मुली' खोडलं आणि लिहिलं: बेथिया, ग्रिझेल, युफिमिया.

म्हातारा बरोबरच मोजत होता.