धुक्याच्या डोंगरातला पाणक्या

१५ जून १९९७, रविवार

नायक सापडला! राजपुत्र नाही, सेनापतीही नाही. सैन्याच्या मागून पाण्याची पखाल घेऊन चालणारा पाणक्या.

गणपतीत आमच्या मराठी मंडळाचं हस्तलिखित निघतं. त्याचे संपादक नरसिंहराव, त्यांनी अद्भुत कथा मागितली आहे. "तुम्ही कीर्तनं ऐकलेला माणूस, तुम्हाला जमेल" — म्हणे! मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नट-बोल्ट काढून देणारा. महिनाभर मंडळाच्या कपाटातल्या सगळ्या अद्भुत कथा वाचल्या. सगळीकडे राजपुत्रच निघतो. त्याच्या घोड्याला नाव असतं, मोतद्दाराला नसतं.

माझी गोष्ट अशी. राज्याची नदी आटली आहे, कारण तिचा झरा धुक्याच्या डोंगरात अडला आहे. वाटेत सात दारं. प्रत्येक दाराशी धुकं माणसाकडून काहीतरी काढून घेतं. कुणाची विद्या, कुणाचं नाव, कुणाची कशासाठी आलो ही आठवण. भलेभले वीर तिसऱ्या दाराशीच खुळ्यासारखे बसून राहतात. पाणक्याकडे काढून घेण्यासारखं काही नाहीच. त्याला विसापर्यंत आकडे येतात, चार म्हशींची नावं येतात आणि घरची वाट माहीत आहे. एवढंच. म्हणून तोच पुढे जातो.

शालनने उभ्या उभ्या वाचलं. म्हणाली, "हे तर आपले मुकुंदभावजी."

छे, म्हटलं. ती भाजी निवडायला बसली.

२२ जून

नरसिंहराव जयनगरच्या बाजारात भेटले. हातात दोडके.

"वाचली हो तुमची तीन पानं. नायक चढावर धापा टाकतो!"

"सपाट पायांचा आहे. दमतो."

"अहो, मग तलवार तरी द्या! नाहीतर शेवटी कळू द्या की तो राजाचाच हरवलेला मुलगा. लोकांना बरं वाटतं."

"तो कुणाचाच राजपुत्र नाही."

"मग त्याच्यासाठी एवढा डोंगर कशाला उभा केलात?"

दोडके घेऊन ते गेले, प्रश्न माझ्याकडे ठेवून.

६ जुलै

आषाढ लागला. बारा वर्षं पुरी झाली.

आज सगळं लिहूनच ठेवतो. मुकुंद माझा धाकटा भाऊ. बुद्धीने मंद, बोलायला लागला की शब्द अडायचा. तिसाव्या वर्षीही आईच्या हातचा घास घ्यायचा. मी त्याला गावाकडून इथे आणलं, कारखान्यात हमालाचं काम लावलं. आठ दिवसांत त्याला काढलं. साहेबांसमोर मला मान खाली घालावी लागली. त्याला निपाणीच्या गाडीत बसवून द्यायला मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर घेऊन गेलो. "इथेच थांब, मी तिकीट काढून येतो." तिकिटाला दहा मिनिटं लागली. नंतर ओळखीचा एक जण भेटला, आम्ही चहा घेतला. त्या चहाला तासभर लावला. रागात होतो, त्याचं तोंड पाहायला नको होतं.

परत आलो तर तो नव्हता.

आता आई म्हणते, विधी कर. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर पळसाच्या पानांचा माणूस करतात. तीनशे साठ पानं. त्याला अग्नी देतात, मग तो मेला असं धरतात. थोरला भाऊ मी, म्हणजे हात माझाच लागणार.

"सोडव त्येला," आई म्हणाली. "माझ्या डोळ्यादेखत कर. म्या गेल्यावर कोन करनार?"

"गोष्ट तेवढी संपू दे, आई. मग करतो."

का म्हणालो असं? तोंडातून गेलं. आईने मान हलवली, जसं काही ते शास्त्रातच लिहिलं आहे!

१३ जुलै

रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की आईला गोष्ट वाचून दाखवतो. डोळ्यांना दिसत नाही, पण कान लख्ख.

"त्येला जेवायला घातलंस का न्हाई?"

"आई, तो डोंगरात आहे. चौथ्या दाराशी."

"मग? डोंगरात भूक लागत न्हाई व्हय? भाकरी बांधून दे. आन् कांदा."

दिली बांधून. शालन आत हसत होती.

१४ जुलै

पानावर नाव पाणक्या लिहितो, मनात येतं दुसरंच.

२० जुलै, गुरुपौर्णिमा

दत्ताच्या देवळात जाऊन आलो. प्रदक्षिणा घालताना नरसिंहरावांचा प्रश्न आठवला. मला वाटतं, ज्याला घरात कुणी मोजलं नाही त्यालाच लेखक गोष्टीत पुढे बसवतो. त्याला आम्ही प्रतिभा म्हणतो. निदान माझ्या बाबतीत तो पश्चात्ताप आहे. खऱ्या माणसाला एक तास देता आला नाही, आता कागदावरच्या माणसाला अख्खा डोंगर देतो आहे.

देवापुढे काय मागावं तेही कळेना. तो यावा, की आईचं मन निवावं? दोन्ही मागितलं. देव काय ते बघेल.

३ ऑगस्ट

सातवं दार ओलांडलं, तर पुढे आठवं निघालं. मग नववं. मी काय करू? झरा सापडला की गोष्ट संपली, आणि गोष्ट संपली की पळसाची पानं.

नरसिंहराव घरी आले. चिडलेले.

"अहो, सात दारं म्हणालात, हे अकरावं! डोंगर आहे की चाळ?"

आई कोपऱ्यातून म्हणाली, "असू दे की रं बाबा. चालतोय त्यो. तुझं काय जातंय?"

नरसिंहराव चहा घेऊन गेले. जाताना दारात हळूच म्हणाले, "गणपतीला पुरी नाही झाली तर अपुरीच लावू."

मग आई म्हणाली, "लवकर संपव. विधी ऱ्हाईलाय." पुन्हा तेच!

९ ऑगस्ट

आईला ताप. वाचन नाही. पाणक्या अकराव्या दाराशी उभा.

११ ऑगस्ट, सोमवार

आई गेली. सकाळी दहाला.

दूध प्यावंसं वाटतं म्हणाली. घरातलं नासलं होतं. कोपऱ्यावरच्या बूथवर गेलो, पिशवी घेऊन आलो, तोवर—

माझ्या नशिबात परत येणं उशिराचंच.

१४ ऑगस्ट

बहीण नीला निपाणीहून आली. पायरीवरच बसून रडली. मग विचारलं, "अण्णा, मुकूच्या विधीचं आईला सांगून झालं होतं ना तुझं? करणार आहेस ना?"

करतो म्हणालो. आईची शेवटची इच्छा. आता पळवाट नाही, अकरावं दारही नाही. पुरोहित गुरुराज भटांना विचारलं. म्हणाले, आईचे दिवस होऊ द्यात, मग पितृपक्षाच्या आधी उरकू.

२० ऑगस्ट, बुधवार

दहावा. श्रीरंगपट्टण, कावेरीचा घाट. मी, शालन, नीला, गुरुराज भट. नरसिंहराव न सांगता बसने आले.

पिंड ठेवला. कावळे होते, चांगले सात-आठ. भिंतीवर बसून राहिले. एकही खाली येईना.

नीला म्हणाली, "आई, पाटल्यांवरून मी भांडणार नाही." नाही. शालन म्हणाली, "तुमच्या देवांची पूजा चुकवणार नाही." नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडले. "आई, मुकूचा विधी पितृपक्षाच्या आधी करतो. तुझ्या पायांची शपथ." वाटलं, आता येईल.

कावळ्याने तोंड फिरवलं.

तास गेला. ऊन चढलं. "इन्नू स्वल्प नोडोणा," गुरुराज म्हणाले, अजून थोडं बघू. आणि दर्भ हातात घेतला. कावळा शिवला नाही तर दर्भाचाच कावळा करून लावतात. ते गाठ मारत होते. मी पिंडाजवळ वाकलो. कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणालो, "आई, नाही करत विधी. तो अजून वाटेत आहे. मी वाट बघतो—"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळ्याने पिंडाला चोच लावली होती.

म्हणजे इतके दिवस विधी कर, विधी कर म्हणत होती ती माझ्यासाठी, माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून! ती स्वतः त्याची वाटच बघत होती.