वाढीव किमतीत नवीन काय?

प्रिय बाबा,

काल दुकानात तुमचाच प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकल्यापासून तुम्हीच डोळ्यांसमोर आहात. म्हणून आज लिहितेय.

आईचा फोन बंद पडलाय. सेल्समन म्हणाला, "मॅडम, नवीन मॉडेल आलंय, पण किंमत वाढलीय." मी तुमच्यासारखंच जुनं आणि नवं अशी दोन्ही मॉडेलं शेजारी शेजारी ठेवायला लावली आणि विचारलं, "वाढीव किमतीत नवीन काय?"

या प्रश्नाने किती जणांना घाम फोडलात तुम्ही! टीव्ही घेताना म्हणालात, "अहो, रिमोटवर तीन बटणं वाढली, एवढंच ना?" मी आणि आई लाजून दाराशी जाऊन उभ्या राहिलो होतो.

कालचा सेल्समन म्हणाला, "चिप महागल्यात, डॉलर वाढलाय..." मी म्हटलं, ते कंपनीचं झालं, आम्हाला काय? तो म्हणाला, "समोरचा फोनवर जे बोलतो, ते स्क्रीनवर लिहून येतं. ज्यांना ऐकू कमी येतं, त्यांना बरं पडतं."

बाबा, दोन वर्षांपूर्वी तुम्हीही असाच एक नवा फोन हातात धरून विचारलं होतं, "घेऊ का गं?" आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी! मी सेल्समनला तोंडसुद्धा उघडू दिलं नाही. "कशाला? तोच फोन, नुसती किंमत वाढवलीय. तुम्हीच शिकवलंत ना?" तुम्ही हसलात आणि फोन खाली ठेवलात.

तुम्ही गेल्यावर कपाटात कानाच्या डॉक्टरांचा कागद सापडला. तारीख त्या दिवसाच्या आधीची. आईलाही ठाऊक नव्हतं.

माझी नोकरी गेली तेव्हा वाघोलीच्या माझ्या घरून तुम्हाला रडत फोन केला होता. तुम्ही म्हणालात, "बरं, बरं. छान. ठेव आता." छान? मला वाटलं, सदाशिव पेठेतला माणूस, लेकीलाही शब्द मोजूनच देणार. महिनाभर फोन केला नाही मी. तुम्ही त्या महिन्यात काय समजला असाल?

सेल्समनला उलटसुलट विचारणाऱ्या माणसाला एवढं एक वाक्य जड गेलं? 'मनू, मला ऐकू येत नाही.' राग येतो हो तुमचा. त्याहून जास्त माझा.

किंमत वाढवणं योग्य की अयोग्य? अजूनही म्हणेन, बहुतेक वेळा कंपन्या नुसते रंग बदलतात आणि पैसे काढतात. पण त्या दिवशी तो प्रश्न फोनला विचारून मी मोकळी झाले. तुम्हाला विचारायचा राहिला: बाबा, तुम्हाला हा कशासाठी हवाय?

काल फोन न घेताच परतले. उद्या आईला घेऊन जाणार आहे. तुमचा प्रश्न सोडणार नाही, पण आधी आईला विचारीन आणि तिचं उत्तर पुरं होईपर्यंत गप्प बसेन. आणि फोनवर कुणी नुसतं "बरं, बरं" म्हणालं, तर रुसण्याआधी एकदा मोठ्याने बोलून बघीन.

तुमची,
मनू