दोरावरच्या एकोणीस जणी

मी, इझाबेल रेनर, कै. एडवर्ड ऊर्फ नेड रेनर यांची विधवा, वय वर्षे सदुसष्ट, राहणार बंदर आळी, हॅलोविक, नॉर्थंबरलँड, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी मंगळवारी तपासून तसे लिहून दिले आहे. छाती ठिकाणावर नाही, म्हणून घाई. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट वकील प्रिंगल यांनी बजावले आहे की मृत्युपत्रात वस्तू आणि माणसे लिहावीत, राग लिहू नये. माझ्याकडे वस्तू थोड्या आहेत. राग वगळला तर हे पानसुद्धा भरायचे नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी नवऱ्याचे पदक मुलाला दिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते.

कलम १. राहते घर आणि त्यातले सामान माझ्या नवऱ्याची भाची हेलन डॉसन, जिला सगळे नेली म्हणतात, तिला द्यावे. नऊ वर्षांची असल्यापासून ती माझ्याकडे वाढली. मागच्या खोलीची खिडकी अडकते, ती खालून ठोकायची असते, हे तिला माहीत आहे. बँकेत जे असेल ते आणि भिंतीवरचे घड्याळ माझा मुलगा मॅथ्यू याला द्यावे. न्यूकॅसलला त्याचे स्वतःचे घर आहे, आणि तिथून तो मला थंडीत बाहेर पडू नकोस अशी पत्रे पाठवतो.

कलम २. खेकड्यांचे पिंजरे आणि जाळी विणायच्या सुया बचावनौकेवरच्या पोरांना वाटून द्याव्यात. तपकिरी चहादाणी शेजारच्या जेन स्टॉब्सला. तिला ती फार दिवसांपासून हवी होती, म्हणूनच तिला साक्षीदार होता आले नाही. ज्याला काही मिळायचे त्याने सही करायची नसते. ती म्हणाली, "सही राहू दे बाई, चहादाणी दे."

निळी टोपी, कपाटात वरच्या खणात डब्यात आहे ती, कोणालाही देऊ नये. शेगडीत घालावी. कारण पाचव्या कलमात आहे.

कलम ३. कॅप्टन हॉरेस लिल्बर्न, ओ.बी.ई., आमच्या बचावनौका केंद्राचे मानद सचिव, यांनी गेल्या वर्षभरात तीनदा निरोप पाठवला की नेडचे पदक गावच्या सभागृहातल्या काचेच्या कपाटात, त्यांच्या स्वतःच्या किताबाशेजारी ठेवावे. गावाचा मान आहे म्हणे. कॅप्टनसाहेबांना पदक मिळणार नाही. त्यांना मी माझे लोकरी मोजे देते, सत्तेचाळीस सालच्या मार्च महिन्यात त्या दुपारी माझ्या पायात होते ते. मी ते धुतलेले नाहीत. मिठाने ते लाकडासारखे झाले आहेत, काचेच्या कपाटात आपोआप उभे राहतील.

कलम ४. ती दुपार इथे लिहून ठेवते, कारण जिथे लिहायला हवी होती तिथे कोणी लिहिली नाही.

भर बारा वाजता वाऱ्याने बर्फ आडवे येत होते. नॉर्वेची एक मालबोट गावाच्या उत्तरेला खडकावर चढली होती. बंदरातून नौका बाहेर काढणे शक्य नव्हते, म्हणून ती गाड्यावर चढवून वाळूवरून पाऊण मैल ओढत न्यायची होती. माझा नवरा नेड नौकेचा तांडेल. तो आणि त्याची सात माणसे वल्ही धरायला हवीत म्हणून त्यांची ताकद राखून ठेवायची. बाकीचे पुरुष खाणीत नाहीतर समुद्रात. ओढणार कोण? आमच्याकडे बायकाच ओढतात. आजीची दोरावरची जागा आईला, आईची मुलीला, असे चालत आलेले आहे. चर्चमधल्या बाकावर कोणी दुसऱ्याच्या जागी बसले तर चालते, दोरावर चालत नाही.

आम्ही एकोणीस जणी होतो. पहिली जागा नेडची धाकटी बहीण मेगी डॉसन, नेलीची आई, हिची. दुसरी माझी. नौका पाण्यात ढकलल्यावर तिचे तोंड लाटेकडे राहावे म्हणून पुढच्या जणींना पाण्यात शिरून दोर ताणून धरावा लागतो. पाणी माझ्या कमरेला आले, मग छातीला. मी मेगीला ओरडून सांगितले की आता सोड. ती वळलीसुद्धा नाही.

"वहिनी, तू हो मागं," ती म्हणाली. "तिचं तोंड लाटेकडं वळू दे. आणि जाऊन चहा टाक, मला कडक लागतो."

मी मागे झाले. ती झाली नाही. नौका गेली, अकरा नॉर्वेकर जिवंत घेऊन आली. मेगीला चहा मी दिला, पण कप तिच्या हातात राहीना. अकराव्या दिवशी ती न्यूमोनियाने गेली. तिचा नवरा आधीच लढाईत गेलेला होता. नेली आमच्याकडे आली तेव्हा तिने आईचा त्या दुपारचा कोट, अजून ओलसर, घडी करून बरोबर आणला होता.

कॅप्टनसाहेब त्या दिवशी दुर्बीण घेऊन वाळूवर आले, तेव्हा नौका खडकापाशी पोचलेली होती.

कलम ५. त्रेपन्न साली नव्या राणीचा राज्याभिषेक व्हायचा होता. त्या निमित्ताने किताब वाटायचे ठरले आणि केंद्राकडून नावे मागवली गेली. मी स्वतः कॅप्टनसाहेबांच्या दारात गेले आणि बायकांची नावे घाला म्हणून सांगितले. मेगीचे आधी.

त्यांनी मला आत घेतले नाही, पण नीट बोलले. "मिसेस रेनर, अर्जावर नावासाठी एकच ओळ आहे. एका ओळीत एकोणीस जणींना कुठं बसवू? आणि मेलेल्यांना देत नाहीत."

मी म्हटले की अठरा जिवंत आहेत. ते म्हणाले, दोर ओढल्याचे बायकांना केंद्राकडून पैसे मिळतात, मग ते काम झाले, सेवा नव्हे. पैसे नेडलाही मिळत होते. हे मला घरी आल्यावर सुचले. आजही त्या दारात जाऊन सांगावेसे वाटते.

मग मे महिन्यात लंडनहून नेडच्या नावाने पत्र आले. ब्रिटिश एम्पायर मेडल देण्याचा विचार आहे, मान्य आहे की नाही ते कळवावे, आणि यादी छापून येईपर्यंत हे कोणालाही सांगू नये. नेडला लिहिण्याचा कंटाळा, त्याची सगळी पत्रे मीच लिहायची. तो दारात बूट काढत होता.

"लिही, नको म्हणावं," तो म्हणाला. "दोरावरच्यांना द्या, नाहीतर कुणालाच नको. आणि बेल, नीट शब्दांत लिही, उगाच तोडून टाकल्यासारखं नको."

मी नीट शब्दांत लिहिले. मान्य आहे, असे लिहिले. त्याने न वाचता सही केली, कारण माझे अक्षर तो कधीच तपासत नसे.

का लिहिले, याचा मी आठ वर्षे विचार केला आहे. मेगीसाठी, असे मी बरेच दिवस स्वतःला सांगितले. डॉसनांचे नाही तर निदान तिच्या भावाचे नाव यादीत येईल. ते खोटे आहे. दुसऱ्याच दिवशी मी बस पकडून टोपी बघायला गेले होते. कोणाला सांगायचे नाही, असे पत्रातच म्हटले होते, त्यामुळे मला अडवायलाही कोणी नव्हते.

राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी यादी वर्तमानपत्रात आली. कॅप्टनसाहेबांना ओ.बी.ई., बचावनौकेच्या सेवेबद्दल. त्यांच्या नावाला कुठूनतरी दुसरी ओळ सापडली होती. नेडला मेडल. त्यांना किताब, आमच्या माणसाला बिल्ला. ते राणीसमोर राजवाड्यात गेले, नेडला बिल्ला परगण्याच्या कचेरीत लावला, हॅमचे सँडविच देऊन. हा फरकही मी कधी विसरणार नाही.

पण त्या सकाळी नेडने वर्तमानपत्र बराच वेळ हातात धरले.

"बेल, पत्र नीट गेलं होतं ना?"

"हो," मी म्हटले. "नको म्हणूनच लिहिलं होतं."

"मग लंडनच्या लोकांना वाचता येत नसेल," तो म्हणाला, आणि बूट घालून पिंजरे बघायला गेला.

त्याला कळले होते. माझी लाज राखायला तो कचेरीत उभा राहिला, मी निळी टोपी घालून त्याच्याशेजारी. त्यानंतर पदक त्याने विणायच्या सुयांच्या डब्यात टाकले. वारला तोपर्यंत, पाच वर्षे, एकदाही लावले नाही, एकदाही विषय काढला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. कॅप्टनवरचा माझा राग खरा आहे आणि तो मी मागे घेत नाही. पण बायकांची नावे त्यांनी एकदा गाळली आणि मी दुसऱ्यांदा. अर्जावर एकच ओळ होती असे ते म्हणू शकतात. माझ्यासमोर अख्खा कागद कोरा होता.

कलम ६. मॅथ्यू हे वाचून दुखावेल. ईस्टरला तो म्हणाला, "आई, पदकाच्या कडेवर बाबांचं नाव कोरलंय. ते नावाबरोबर मुलाकडंच जातं." त्याला आता सांगते: बाळा, ते तुझ्या बाबाने मागितलेले नव्हते, आणि जे त्याने घेतले नाही ते तुला कुठून मिळणार?

कलम ७. पदक दोरावरच्या बायकांना द्यावे. ते कोणा एकीचे होणार नाही, विकता येणार नाही, कोणत्याही कपाटात जाणार नाही. दर वर्षी एक जूनला, ज्या दिवशी ती यादी छापली गेली, ते पुढच्या घरी जाईल. क्रम दोराचा, वयाचा नाही, श्रीमंतीचा नाही. जी हयात नसेल तिच्या जागी तिची मुलगी. मुलगी नसेल तर तिची जागा जिने घेतली ती. एकोणिसाव्या घरानंतर पुन्हा पहिल्यापासून. ज्या घरी असेल तिथल्या बाईने ते हवे तेव्हा लावावे, मासे साफ करताना लावले तरी हरकत नाही. एकोणीस नावे दोराच्या क्रमाने लिहून सोबत जोडली आहेत. ओळी पुरल्या.

पहिली जागा मेगी डॉसनची. म्हणून पहिले वर्ष नेलीकडे. नेली, कोटाला लाव. तो कोट मी फेकलेला नाही, जिन्याखालच्या पेटीत आहे.

दुसरी जागा माझी. ती वगळून तिसरीला द्यावे. मला ते एकदा मिळालेले आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले, त्यात खोडाखोड नाही, आणि खाली नावे असलेल्या दोघांच्या एकत्र हजेरीत सही केली आहे.

इझाबेल रेनर

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काही मिळत नाही:
१. विल्यम प्रिंगल, वकील (रागाची कलमे माझ्या सल्ल्याविरुद्ध राहिली आहेत. वि. प्रिं.)
२. ऑलिव्ह चार्लटन, जिल्हा परिचारिका

स्थळ: हॅलोविक
दिनांक: ९ नोव्हेंबर १९६१