आण्णांच्या फोनवरच्या टिकल्या

रविवार, कडेगाव. दिवाळी तोंडावर.

आज आण्णांचा फोन हातात घेतला. काचेवर आईच्या तीन टिकल्या! भजनात त्यांचे डोळे मिटलेले असतात. मी बनवलेल्या तानपुरा ॲपचं बटण अंगठ्याला सापडावं म्हणून ही खूण. दर दिवाळीला नवी आवृत्ती काढायचीच, म्हणून मी बटण हलवत गेलो आणि आण्णा टिकली वाढवत गेले.

"आवाज लय ग्वाड हाय," म्हणाले, "पर दरसाली दार कशापायी हलवतोस रं?"

कशापायी? नवं दिसावं, एवढंच ना?

उद्या सांगलीच्या ऑफिसात सांगणार, यंदा नवीन काही नाही. बटण पहिल्या टिकलीपाशी परत.

आईला म्हटलं, उरलेल्या दोन काढून टाक.

"ऱ्हाऊ देत," ती हसली. "तुजा काय भरवसा!"