‘नाही’ची मुदत

सोमवार, ९ जून

धाकटीने आज टाळ्या मिळवल्या! माझी सख्खी बहीण, आमच्याच ऑफिसात, माझ्या शेजारच्या खुर्चीत – सहा महिन्यांच्या करारावर. फाईल उघडायची तर आमच्या प्रत्येक मशीनला आधी मुख्य सर्व्हरला विचारावं लागतं: आहे का, केवढी, कुठे? धाकटीने ते उत्तर तीस सेकंद मशीनवरच जपून ठेवलं, म्हणजे पुन्हा विचारायला नको. काम झपाझप. साहेब हसत म्हणाले, “ताईंनी इतकी वर्षं काय केलं?” अंगाचा तिळपापड! ही कल्पना जेवताना मीच तिला सांगितली होती.

मंगळवार, १०

पोटात दुखतंय माझ्या. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय!

बुधवार, ११

मीही कमी नाही. “फाईल नाही” हे उत्तरसुद्धा मी जपून ठेवलं – तेही दोन दिवस! नसलेल्या फाईलसाठी सर्व्हरकडे हेलपाटे कशाला? माझ्या मशीनचे वेगाचे आकडे तिच्या पुढे गेले. ती मागून डोकावली – “ताई, ‘नाही’ इतका वेळ नको गं धरूस. मधेच कुणी फाईल बनवली तर?” आली मोठी शहाणी!

गुरुवार, १२

टीमचा प्रमुख नेमायचाय. ज्याने त्याने आपली शिफारस सामायिक फोल्डरमध्ये टाकायची. धाकटी सकाळी म्हणाली, “माझी तुझ्यासाठीच. ‘ताई’ नावाने ठेवते, बघ.” नऊला पाहिलं – नाही. अकराला नाही. चारला नाही! तोंडावर गोड बोलते नुसती. तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच साहेबांकडे गेले. म्हटलं, हिचं काम कच्चं आहे, दुसऱ्यांच्या कल्पना उचलते, करार वाढवू नका. ते म्हणाले, “तिने काय लिहिलंय ते बघितलंत ना?” “बघितलं!” म्हटलं. त्यांनी तिच्या कराराच्या कागदावर ‘नको’ लिहिलं. बाहेर आल्यावर बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

शुक्रवार, १३

धाकटी आली नाही. बरंच झालं.

शनिवार, १४

साडेनऊला सहज तीच फाईल पाहिली. उघडली! गुरुवारी नऊ वाजून बारा मिनिटांनी ठेवलेली. मी नऊला विचारलं होतं, आणि त्यानंतर दोन दिवस माझ्या मशीनने सर्व्हरला विचारलंच नाही. माझाच कोड!

आत दोन ओळी: “प्रमुख ताईच हवी. उत्तर जपायची कल्पना मूळ तिची, मी फक्त लिहून काढली.”

साहेबांना फोन लावला. म्हणाले, “गुरुवारी संध्याकाळीच आली होती ती. करार का वाढला नाही, विचारत होती. तुम्ही जे बोललात ते सगळं सांगितलं मी तिला.”